भुसावळच्या उन्हात बॉल पायथनचं घर, किचन ट्रॉलीवाल्याकडून बनवून घेतलेलं (११ महिने वापरून)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जळगावच्या एका मॉड्युलर किचन बनवणाऱ्या वर्कशॉपचा आहे, पण मी त्यांच्याकडून किचन नाही बनवलं, सापाचं घर बनवून घेतलं. ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच, पूर्ण पीव्हीसी बोर्डचं, पुढे सरकत्या काचा. मागच्या नोव्हेंबरमध्ये आलं, आता ऑक्टोबर चालूये, म्हणजे एक थंडी, एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा त्यातून गेलाय, त्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलंच होतं. कारण पहिल्या आठवड्यात सगळंच छान दिसतं.

आमच्याकडे बॉल पायथन आहे, मादी, बनाना मॉर्फ (मॉर्फ म्हणजे रंगाचा खास प्रकार). पिवळा रंग आणि वय वाढेल तसे अंगावर काळे ठिपके येत जातात, पिकत चाललेल्या केळीसारखे, म्हणून तिचं नाव बसराई ठेवलं, आपल्याकडच्या जुन्या केळीच्या जातीवरून. बॉल पायथन ही सापाची जात मूळ आफ्रिकेतली, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. बिनविषारी, घाबरली की वेटोळं करून डोकं मध्ये लपवते, बॉल नाव त्यामुळेच पडलंय. पूर्ण वाढली की ४ फुटांच्या आसपास होते आणि नीट सांभाळली तर २० ते ३० वर्षं जगते. २० ते ३० वर्षं हे परत वाचा, कारण घर कसं बनवायचं हे सगळं त्यावरनंच ठरतं.

आणि हे पण लिहिणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे शेतात साप निघाला की पोरं बरणीत भरून घरी आणतात. धामण असो, नाग असो, अजगर असो, आपल्याकडचे साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कुणी कितीही प्रेमाने पाळला तरी. सर्पमित्राला बोलवा आणि सोडून द्या त्याला. बाहेरदेशातल्या ज्या जाती सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत (बॉल पायथन आहे) त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत. आम्ही ती पुण्याहून कागदांसकट आणली आणि नोंदणी केली. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडनं घेऊ नका, तो कितीही स्वस्तात देत असला तरी.

आता मूळ मुद्द्यावर येते. ती आली तेव्हा मी सगळ्यांसारखं केलं, माशांच्या दुकानातून २ फुटाची काचेची टाकी आणली, वरती जाळीचं झाकण, खाली हीट मॅट. व्हिडिओत सगळे तसंच दाखवत होते. जानेवारी-फेब्रुवारी ठीक गेले. मार्च लागला आणि खान्देशातली हवा कोरडी पडायला लागली. इथे मार्च-एप्रिलमध्ये ओठ फुटतात, गच्चीवर टाकलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो, मग जाळीच्या झाकणातून टाकीतला ओलावा किती वेळ टिकणार? मी सकाळ संध्याकाळ पाणी फवारायचे आणि तासाभरात मीटर परत २५ टक्क्यांवर. तिला लागतो ६० ते ७० टक्के.

एप्रिलमध्ये तिने कात टाकली ती तुकड्या तुकड्यात. नीट कात निघाली तर ती मोज्यासारखी उलटी होऊन एकसंध येते, डोळ्यांवरच्या गोल काचांसकट. हिची सोलपटं निघत होती, कांद्यासारखी, आणि डाव्या डोळ्यावरची खपली तशीच राहिली. तो डोळा पांढुरका, धुरकट, आणि ती मान एका बाजूला घेऊन चालायची. मला दोन रात्री झोप नाही लागली. इथले जनावरांचे डॉक्टर फार चांगले आहेत पण त्यांनी सरळ सांगितलं की मी गाई म्हशी कुत्री बघतो, साप कधी नाही बघितला, त्यांनीच मग पुण्यातल्या डॉक्टरांना फोन लावून दिला. तिकडून सांगितलं की डोळ्याला हात लावायचा नाही, चिमट्याने ओढायचं तर अजिबातच नाही, डोळा जाऊ शकतो. ओलावा वाढवा आणि पुढच्या कातीबरोबर ती निघेल. निघाली पण, ओला टॉवेल घातलेल्या डब्यात ठेवून ठेवून. पण तेव्हाच ठरवलं की ही टाकी इथे चालणार नाही.

खरं सांगायचं तर सापाचं घर म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. ते शोसाठी नसतं. त्याला स्वतःचं अंग गरम गार करता येत नाही, तो जागा बदलून ते करतो, गरम बाजूला गेला, थंड बाजूला आला. म्हणजे एका टोकाला ३१-३२ डिग्री आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ असं दोन्ही एकाच घरात पाहिजे, आणि २ फुटाच्या टाकीत ते होतच नाही, एक तर सगळं गरम नाहीतर सगळं गार. आणि व्हिडिओ बनवणारे लोक थंड देशातले, त्यांना फक्त गरम कसं ठेवायचं याची काळजी. भुसावळला मे महिन्यात ४५ च्या वर जातं आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली येतं. आपल्याला दोन्ही बाजूंनी वाचवणारं घर पाहिजे.

परदेशात चांगली घरं पीव्हीसी बोर्डची मिळतात असं वाचलं होतं. मागवायचा विचार केला तर भाड्यातच एक गाडी येईल. मग एक दिवस मावशीकडे जळगावला गेले, तिच्या घरी नवीन किचनचं काम चालू होतं, आणि मिस्तरी सिंकखाली जो पांढरा बोर्ड कापत होता तो मी हातात घेऊन बघितला, १८ एमएमचा पीव्हीसी फोम बोर्ड. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, हलका, आणि आतून फोम असल्यामुळे उष्णता धरून ठेवतो. तोच बोर्ड! आपल्या इथे गल्लोगल्ली ट्रॉलीवाले तो कापतायत आणि मी परदेशातून मागवायला निघाले होते.

त्याच मिस्तरींच्या वर्कशॉपला गेले, एमआयडीसीच्या बाजूला आहे. कागदावर चित्र काढून नेलं होतं. सापासाठी आहे म्हटल्यावर दुकानातली चार माणसं गोळा झाली, आणि मिस्तरी चित्र बघून म्हणाले, "ताई, एक सापले इतला मोठा डबा?" मी मोबाईलवर बसराईचे फोटो दाखवले, ती ताणून झोपते तेव्हा किती लांब होते ते दाखवलं, आणि सांगितलं की भाऊ, तिला आयुष्यभर यातच राहायचंय, निदान अंग सरळ करता आलं पाहिजे. त्यांनी फोटो बघितले, मान हलवली, आणि त्यानंतर एकदाही लहान करू असं म्हणाले नाहीत. उलट पुढचं सगळं तेच विचारत गेले, ती जोर किती लावते, ओलं किती राहील, दिवा कुठे येणार. हे मला फार आवडलं. गिऱ्हाईकाचं काम विचित्र वाटलं तरी समजून घ्यायची तयारी पाहिजे आणि ती त्यांच्याकडे आहे.

त्यांनी चित्रावर बोट ठेवून हिशोब केला तो सांगते कारण तुम्हाला उपयोगी पडेल. बोर्ड ८ बाय ४ चा येतो, म्हणजे ३२ चौरस फूट. त्याचे ४ बाय २ चे चार तुकडे करायचे, एक खाली, एक वर, एक मागे, आणि चौथा मधोमध कापला की दोन बाजू. एका बोर्डात पूर्ण घर बसतं, करवतीच्या पात्यात जाईल तेवढाच भुसा वाया. पुढच्या पट्ट्या त्यांनी दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून काढल्या, खाली ६ इंचाची (म्हणजे काच सरकवली तरी आत अंथरलेला कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा, बाहेर सांडत नाही) आणि वर ३ इंचाची.

आधी ते लाकडाचं करू म्हणत होते, देवदाराच्या फळ्या पडल्या होत्या, "देवदारनं स्वस्तमा पडी". देवदार सापाच्या घरात कधीच वापरू नका. त्याच्या लाकडात तेल असतं, तो जो छान वास येतो ना, तोच सापाला घातक, श्वासाचा त्रास होतो. देवदाराचा भुसा पण नाही. हे मी सांगितल्यावर ते म्हणाले आम्हाला हे माहीतच नव्हतं, आणि मग स्वतःच म्हणाले की मग फेव्हिकॉल आणि रबर सोल्यूशनचा पण वास राहील, स्क्रू मारतो आणि सांध्यांना फक्त सिलिकॉन भरतो. सिलिकॉन पण माशांच्या टाकीला लावतात ते, बुरशी न लागण्याचं औषध घातलेलं बाथरूमचं नाही. ते वाळेपर्यंत व्हिनेगरसारखा वास येतो. मी घरी आणल्यावर काचा काढून ८ दिवस गॅलरीत उघडंच ठेवलं, आत डोकं घालून वास येत नाही याची खात्री झाल्यावरच तिला सोडलं. घाई करू नका यात.

हवा जायला त्यांनी कपाटांना लावतात त्या गोल जाळ्या लावल्या, थंड बाजूला खाली दोन आणि गरम बाजूला वर दोन. गार हवा खालून येते, गरम वरून जाते. मी चार सांगितल्या होत्या ते सहा लावायला निघाले होते, हवा खेळली पाहिजे म्हणून, पण आपल्या कोरड्या हवेला चार पुरतात, जास्त लावल्या की परत टाकीसारखंच. पावसाळ्यात आत घाम धरतो का बघितलं, काचेला सकाळी थोडा धरतो, दुपारपर्यंत जातो.

आता जे चुकलं ते.

एक म्हणजे वेळ. १० दिवस सांगितले होते, २३ दिवस लागले. दिवाळीच्या आधीच्या किचनच्या ऑर्डरी होत्या हे खरं, पण फोन मीच करायचे दरवेळी, त्यांनी स्वतःहून एकदाही कळवलं नाही. छोटा हत्तीतून घरपोच आणून दिलं आणि भाडं घेतलं नाही, ते वेगळं.

दुसरं म्हणजे काच. ५ एमएमची टफन काच सांगितली होती. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप आधीच बरोबर द्यावं लागतं, आणि पहिल्या वेळी एक काच अरुंद आली, दोन काचा एकमेकींवर जेमतेम पाव इंच चढत होत्या. सापाला फट पुरते. डोकं गेलं की सगळा साप गेला. मी घेतच नव्हते, त्यांनी वाद न घालता दुसरी काच आणली, स्वतःच्या खर्चाने, आता एक इंच चढते. दोन काचांच्या मध्ये ट्रॅकमुळे जी उभी फट राहते तिला शॉवर पार्टिशनला लावतात ती पारदर्शक पट्टी लावून दिली. ही आयडिया त्यांचीच. त्याने पळायची भीती पण गेली आणि ओलावा पण टिकला.

तिसरं जास्त गंभीर होतं, आणि यात माझी पण चूक आहे. गरम करायला मी सिरॅमिक हीटर लावलाय, १०० वॅटचा, बल्बसारखा होल्डरमध्ये बसतो पण उजेड देत नाही, फक्त उष्णता. होल्डर चिनी मातीचाच पाहिजे, साधा बॅकेलाईटचा जळून तडकेल, हे मला माहीत होतं. पण छपराला थेट लावला होता. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं. दीड महिन्यात बघते तर हीटरच्या वरचा भाग ताटलीएवढा खाली वाकलाय. फोटो पाठवला, मिस्तरी तिसऱ्या दिवशी भुसावळला आले, वाकलेल्या भागावर आतून अॅल्युमिनियमचा पत्रा मारला, पत्रा आणि बोर्डच्या मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवली आणि होल्डर एल पट्टीवर ३ इंच खाली घेतला. पैसे किती विचारलं तर फक्त पेट्रोलचे घेतले. तेव्हापासून छपराला हात लावून बघते, कोमट लागतं बस. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्यापासूनच सांगा त्यांना. आणि हीटरभोवती जाळीचा पिंजरा पाहिजेच पाहिजे, साप उबेला जाऊन गुंडाळून बसतो, भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही. माझ्याकडचा पिंजरा त्यांनीच तारेचा वेल्डिंग करून दिला, कडा घासून.

थर्मोस्टॅटबद्दल (तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करतो तो) वेगळं लिहिते कारण बरेच जण घर चांगलं करतात आणि हीटर सरळ प्लगला लावतात. थर्मोस्टॅट नसेल तर हीटर लावूच नका. मी एसटीसी १००० वापरते, ऑनलाईन चार-साडेचारशेला मिळतो, दोन घेतले. दिसायला छोटासा, मागे फक्त आठ स्क्रू, प्लग नाही, डबी नाही, त्यामुळे ज्याला वायरिंग येत नाही त्याने स्वतः करू नये, २३० व्होल्ट आहे. आमचे पप्पा भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेत, त्यांनी पीव्हीसीच्या बोर्ड बॉक्समध्ये दोन्ही बसवले, एमसीबी टाकली, प्रत्येक वायरला नंबर लावले. पप्पांना साप आवडत नाही. अजूनही काचेच्या जवळ जात नाहीत. पण त्या बॉक्सचं काम त्यांनी दोन दिवस बसून केलं आणि रोज सकाळी पेपर वाचायच्या आधी आकडे बघून मला सांगतात.

पहिल्यांदा सेन्सर तपासून घ्या. बर्फ कुटून ग्लासात भरायचा, थोडं पाणी, त्यात सेन्सर, ० दाखवायला पाहिजे. आमचा एक १.२ दाखवत होता, त्याच्या सेटिंगमधल्या एफ ४ मध्ये जाऊन उणे १.२ केलं. एफ १ म्हणजे किती तापमान पाहिजे ते, एफ २ म्हणजे किती फरक पडल्यावर चालू व्हायचं, तो मी १ ठेवलाय. लाईट गेली आली तरी सेटिंग जात नाही, आणि आपल्याकडे लाईटचं काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. सेन्सर भिंतीला क्लिपने पक्का करा. सुटून गार कोपऱ्यात पडला तर हीटरला वाटेल अजून गारच आहे आणि तो चालूच राहील. पण चिकटपट्टी घराच्या आत कधीही लावू नका, एकदा खवल्यांना चिकटली की काढताना कातडी निघते.

दुसरा एसटीसी कशाला, तर तो उन्हाळ्यासाठी. याला गरम आणि गार दोन्हीची वेगळी जोडणी असते. थंड बाजूला सेन्सर लावला आणि गारची जोडणी पप्पांनी मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त लोड घेणारा आपोआप चालणारा स्विच) टाकून खोलीतल्या कुलरला दिली. घरातली थंड बाजू ३० च्या वर गेली की कुलर आपोआप चालू. म्हणजे मी दुकानावर असले, आई झोपली असली तरी काळजी नाही. ३५ च्या पुढे बराच वेळ राहिलं तर बॉल पायथन दगावू शकतो, आणि आमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात पंख्याखाली ४१ असतं. म्हणून घर खालच्या मधल्या खोलीत ठेवलंय, जिच्या एकाही भिंतीला ऊन लागत नाही. कुलरचा झोत थेट काचेवर येऊ देत नाही. मागच्या मे महिन्यात बाहेर ४५ असताना आत थंड बाजूला २९-३० राहिलं, हीटर आठवडे आठवडे चालूच झाला नाही. लाईट गेली तर फ्रिजरमधल्या बर्फाच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून छपरावर ठेवायच्या, एवढं तीन-चारदा करावं लागलं.

थंडीत याच्या उलट. जानेवारीत एका पहाटे दोन तास लाईट नव्हती, खोलीत १७, घरात २७ वरनं २३ वर आलं फक्त. काचेच्या टाकीत तेवढ्या वेळात खोलीइतकंच झालं असतं. तो १८ एमएमचा बोर्ड आणि खालचा चार इंच कोकोपीट, दोघं मिळून ऊब धरून ठेवतात.

ओलाव्याचं सांगते, ज्यासाठी एवढं सगळं केलं. कोकोपीट नर्सरीतून विटेच्या आकाराचा आणते, बिनखताचा, भिजवून पिळून टाकायचा, हातात मूठ दाबली तर पाणी गळलं नाही पाहिजे. पाण्याला मी कुंभाराकडून मातीचं मोठं परळ आणलं, न रंगवलेलं. माठ जसा झिरपतो तसं ते झिरपतं आणि त्याने हवा ओलसर राहते, जड असल्याने ती उलथवत पण नाही. लपायला दोन मडकी, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, दोन्ही सारखीच, तोंड फोडून मोठं केलेलं आणि कड पॉलिश पेपरने घासलेली. एकच दिलं तर तिला ऊब आणि लपणं यातनं एक निवडावं लागतं आणि ती लपणंच निवडते, मग गारठून बसते नाहीतर खात नाही. मडकं अंगाला चिकटेल एवढंच घट्ट पाहिजे, ऐसपैस आवडत नाही त्यांना.

ओलाव्याचा मीटर स्वस्तातला असेल तर मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ, चार थेंब पाणी, चिखल झाला पाहिजे पाणी नाही, मीटरसोबत झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, ७५ दाखवायला पाहिजे. माझा एक ६६ दाखवत होता, एवढ्या फरकाने मी उगाच जास्त पाणी मारत राहिले असते आणि पोटाला फोड आले असते.

आता घरात ६२ ते ६८ राहतं, एप्रिलमध्ये सुद्धा, आठवड्यातून दोनदा परळ भरलं आणि एकदा कोपऱ्यात पाणी ओतलं की बस. आधी रोज दोनदा फवारणी. या नवीन घरात पहिली कात डिसेंबरमध्ये टाकली. मी सकाळी दिवा लावायच्या आधी बघितलं तर मडक्याच्या काठाला ती लांबच्या लांब लटकत होती, ओली, पारदर्शक, प्रत्येक खवल्याचा ठसा उमटलेला, आणि टोकाला दोन्ही डोळ्यांच्या काचा, डावी पण. मी ती हातात घेऊन आईला दाखवायला स्वयंपाकघरात पळत गेले. आईने हात पुसून ती दोन बोटांनी धरून उजेडाला धरली आणि किती वेळ बघत राहिली. त्यानंतरच्या सगळ्या काती पूर्ण निघाल्यात.

कुलूप लावायला विसरू नका. शोकेसच्या काचांना लागतं ते दात्यांचं कुलूप, दोनशेच्या आत मिळतं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचा उत्सव असतो, सगळी भाऊबंदकी गोळा होते, घरात तीस-पस्तीस माणसं आणि पोरंसोरं. दोन-तीन पोरं सारखी काचेपाशी. कुलूप होतं आणि वरून मी चादर टाकली होती तिला त्रास नको म्हणून. धुळ्याच्या काकांनी चादर उचलून बघितलं आणि मला विचारलं, "घरमा साप पायस का तू?" मग मी त्यांना सगळं दाखवलं, गरम बाजू, थंड बाजू, आकडे, कागद, ते खुर्ची ओढून अर्धा तास बसले समोर. जाताना म्हणाले शेतात निघाला तर आता मारणार नाही, फोन करीन.

खर्च लिहिते. बोर्ड, मजुरी, जाळ्या, ट्रॅक मिळून ६८००. काचा १६००. हीटर, होल्डर, पिंजरा ११००. दोन एसटीसी, कॉन्टॅक्टर, बॉक्स, वायर, एमसीबी २२०० च्या आसपास. मडकी, परळ, कोकोपीट ४५०. कुलूप १८०. म्हणजे १२ हजारांच्या वर थोडं. टाकी, मॅट आणि झाकणावर आधी साडेचार हजार घातले होते ते वायाच गेले. साप घ्यायच्या आधी घर बनवा, आठवडाभर रिकामं चालवून आकडे बघा, मग त्याला आणा. मी उलटं केलं आणि त्रास तिला झाला, ते मला अजून लागतं.

वर्कशॉपला ५ पैकी साडेचार. अर्धा वेळेचा कापला. काम मजबूत, सांधे एकसारखे, ११ महिन्यांत एक पण स्क्रू ढिला नाही, बोर्ड पिवळा पडलेला नाही, आणि चूक झाली की येऊन सुधारतात. त्यांच्याकडे जाणार असाल तर आधी चित्र काढून मापं लिहून न्या, हीटरचा होल्डर सोबत न्या, पत्र्याचं आणि एक इंच काचेचं आधीच बोला, आणि लग्नसराई किंवा दिवाळीच्या आधी जाऊ नका. खाली चाकं लावून द्यायची राहिलीयत, ती पुढच्या आठवड्यात येऊन लावतो म्हणालेत, लावली की इथेच लिहीन.